गॅसवरची मोरोक्कन कोंबडी: खारवलेलं लिंबू, ऑलिव्ह आणि न परतलेला कांदा

खाडीपलीकडे

मेडिटेरेनियन चिकन म्हटलं की हल्ली एकच ताट समोर येतं. चिकन ब्रेस्ट, चेरी टोमॅटो, डब्यातले काळे ऑलिव्ह आणि वरून ओरेगॅनोची पुडी. खायला वाईट नाही. पण त्या समुद्राला वीसहून जास्त देश लागून आहेत आणि त्याचा अख्खा दक्षिण किनारा आफ्रिकेचा आहे, याचा त्या ताटात मागमूस नसतो. म्हणून हा धागा तिकडच्या कोंबडीवर. मोरोक्कोत हिला द्जाज म्कल्ली म्हणतात. सुंठ-केशराच्या दाट रश्शात शिजलेली, शेवटी खारवलेल्या लिंबाची साल आणि ऑलिव्ह पडलेली. ओव्हन नको, झाकणाचं जाड बुडाचं पातेलं आणि गॅस एवढं पुरतं.

मी ब्रसेल्सला असते. १९६४ मध्ये बेल्जियमने मोरोक्कोशी कामगारांचा करार केला, तेव्हापासून इथे मोरोक्कन वस्ती वाढत गेली. मिडी स्टेशनच्या रविवारच्या बाजारात ऑलिव्हचे ढीग आणि खारवलेली लिंबं आपल्याकडच्या भाजीसारखी मांडलेली असतात. शेजारच्या काकू मूळच्या तेतुआनच्या, म्हणजे अगदी भूमध्य समुद्राजवळच्या. पाककृती त्यांची, मापं माझी. त्यांना विचारलं तर "बघून घाल" एवढंच उत्तर मिळतं.

चार जणांना सव्वा किलो चिकन घ्या. तंगडी आणि मांडीचे मोठे तुकडे, सालीसकट मिळाले तर उत्तम. करी कट नको, बारीक हाडं रश्शात उतरतात. दोन मोठे कांदे किसून, चार लसूण पाकळ्या ठेचून, चमचाभर सुंठ पूड, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा मिरपूड, केशराच्या दहा-पंधरा काड्या कोमट पाण्यात भिजवून. कोथिंबीर आणि पार्सलीची दोऱ्याने बांधलेली जुडी (पार्सली नसेल तर नुसती कोथिंबीर). चार मोठे चमचे तेल, त्यात निम्मं ऑलिव्ह तेल. एक खारवलेलं लिंबू, मूठभर हिरवे ऑलिव्ह. मीठ अगदी बेताचं, कारण शेवटचे दोन्ही जिन्नस खारट आहेत.

लिंबाचा गर काढून ठेचा. तो, लसूण, मसाले आणि थोडं तेल चिकनला चोळून तासभर ठेवा. सालीचे लांब तुकडे करून बाजूला. आता पातेलं गॅसवर ठेवायच्या आधीच त्यात उरलेलं तेल, कांदा, चिकन, केशराचं पाणी, जुडी सगळं घाला. मग मध्यम आच. दहा मिनिटं तुकडे उलटेपालटे करा. लाल करायचे नाहीत, नुसते पिवळे होऊ द्यायचे. दीड कप पाणी, झाकण, मंद आच. बॉयलर कोंबडी पस्तीस-चाळीस मिनिटांत शिजते. मांस हाडापासून सुटायला लागलं की तुकडे ताटात काढा, जुडी फेकून द्या आणि आच वाढवून नुसता रस्सा आटवा. पंधरा मिनिटांत कांदा पार विरतो, बुडबुडे जड होतात आणि कडेने तेल सुटतं. या दाट रश्श्याला दग्मिरा म्हणतात. त्यात ऑलिव्ह आणि लिंबाची साल घालून पाच मिनिटं, मग चिकन परत आत.

तेल सुटणं आपल्याकडेही असतं, पण ते सुरुवातीला. मसाला परता, तेल सुटलं की चिकन टाका. इथे तेच काम सगळ्यात शेवटी होतं. कांदा लाल झाला की त्याची गोडसर, खमंग चव येते आणि ती केशराला मागे ढकलते. सुंठही करपली की कडू होते. न परतलेला कांदा तोंडात कांदा म्हणून लागतच नाही, तो फक्त रश्श्याचं अंग होतो. कोंबडीच्या हाडा-सालीतला चिकटपणा त्यात उतरलेला असतो, त्यामुळे काजू नको, खोबरं नको, मैदा नको. मिरचीही नाही.

पाटावरवंटा

वाचताना हात शिवशिवत होते, मध्येच कोणीतरी कांदा परता असं म्हणेल म्हणून शेवटपर्यंत वाट बघितली. कच्चा कांदा पाण्यात शिजवला की त्याला एक उग्र, उकडलेला वास येतो. तो कसा जातो?

खाडीपलीकडे

आटवताना जातो, फक्त घाई करायची नाही. झाकण काढून, रुंद पातेल्यात, मोठ्या आचेवर. उंच आणि अरुंद भांडं घेतलं तर वाफ कोंडते आणि वास राहतो. कांदा किसल्यावर सुटलेलं पाणी ओतून देणारेही आहेत, तसं केलं तर वास आणखी कमी. काकू ओतत नाहीत. कोंबडीची काळीज-कलेजी मिळाली तर रश्शातच शिजवून, कुस्करून परत आत घाला, दाटपणा आणि चव दोन्ही वाढतात. काही मोरोक्कन घरांमध्ये दग्मिरा असाच करतात.

तात्पुरता

खारवलेलं लिंबू आणायचं कुठून? आईने पाठवलेलं लिंबाचं लोणचं आहे, तिखट-गोड. ते धुऊन चालेल का?

निशिगंध_ठाणे

तात्पुरता, ते धुऊन त्यातली साखर आणि हिंग कुठे जाणार? ते पोळीबरोबरच खा. पण कोकणात नुसत्या मिठातलं लिंबू करतात ना, ताप आला की पेजेबरोबर देतात ते? आमच्या आजीच्या बरणीतली लिंबं काळपट तपकिरी होऊन मऊ मेण झालेली असायची. ती यात चालावीत.

खाडीपलीकडे

निशिगंध ताई, नुसत्या मिठातलं असेल तर चालेल, निम्मं घाला. ओवा-सैंधव घातलेलं पाचक लिंबू मात्र नको, ओवा सगळ्यावर बसतो. दुसरं असं की आपलं कागदी लिंबू पातळ सालीचं आणि कडवट असतं. मोरोक्कोचं लिंबू पिवळं, सुवासिक सालीचं. तिथे खायचा भाग साल हाच असतो, गर नुसता चोळायला. त्यामुळे मॉलमध्ये मिळणारी मोठी पिवळी लिंबं घ्या. सालीवर मेणाचा थर असतो, तो गरम पाण्यात ब्रशने घासून काढा.

घरी करायला काहीच अवघड नाही. भरलेल्या वांग्यासारख्या चिरा द्या, फोडी देठाशी जोडलेल्या राहिल्या पाहिजेत. एक किलो लिंबांना शंभर ते दीडशे ग्रॅम जाडं मीठ. चिरांत मीठ भरून काचेच्या बरणीत दाबून दाबून बसवा. दुसऱ्या दिवशी रस सुटतो, पुन्हा दाबा. लिंबं रसात पूर्ण बुडाली पाहिजेत, कमी पडला तर वरून लिंबाचा रस पिळा. उघडी राहिलेली फोड बुरशी धरते. महिन्याभरात साल पारदर्शक आणि मऊ होते. तेल, हळद, मोहरी काहीही नको. धातूचं झाकण गंजतं, प्लॅस्टिकचं लावा.

अनामिक_खवय्या

महिनाभर कोण थांबणार! आखाड संपायला आला. आजच काहीतरी सांगा.

खाडीपलीकडे

आजच्यासाठी: पिवळ्या लिंबाची साल सोलाण्याने काढा, पांढरा भाग टाळा. ती, थोडा रस, चमचाभर मीठ आणि अर्धी वाटी पाणी मंद आचेवर साल मऊ होईपर्यंत शिजवा. मुरलेल्या लिंबाला जो एक खोल वास असतो तो यात येणार नाही, बाकी काम भागतं. चिकनला गराऐवजी थोडा लिंबाचा रस चोळा.

सोलापुरी_चादर

डॉक्टरांनी मेडिटेरेनियन डाएट सांगितलंय म्हणून धागा उघडला. हे त्यात बसतं का? चार चमचे तेल वाचून बायको म्हणाली, बंद करा तो फोन.

घारापुरी

डॉक्टरांचं डॉक्टरांना विचारा, इतिहास मी सांगतो. अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये सात देशांचा अभ्यास सुरू केला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरचे शेतकरी आणि त्यांचं खाणं गाजलं. मोरोक्को त्या सातांत नव्हता. पण युनेस्कोने २०१० मध्ये भूमध्यसागरी आहाराला वारसा म्हणून नोंदवलं तेव्हा इटली, स्पेन आणि ग्रीसबरोबर मोरोक्को होता आणि त्याच्या वतीने शेफशावेन हे गाव होतं. तेतुआनपासून जवळच. २०१३ मध्ये सायप्रस, क्रोएशिया आणि पोर्तुगाल आले. पोर्तुगालचा किनारा तर अटलांटिकवर, तरीही.

आणि गंमत म्हणजे क्रीटच्या त्या शेतकऱ्यांच्या ताटात मांस फार कमी असायचं. कडधान्यं, रानभाज्या, भाकरी, ऑलिव्ह तेल. रोज ग्रिल्ड चिकन खाऊन त्याला मेडिटेरेनियन डाएट म्हणणं ही नंतरची करामत. तेव्हा चादरसाहेब, सोमवार ते शनिवार मटकी-वाल, रविवारी ही कोंबडी.

सोलापुरी_चादर

हुकूम मान्य. बायकोला वाचून दाखवलं. मटकीचा भाग तिला फार आवडला.

नवगावकर

आम्ही अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझी मावशी इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिथे, दिमोनाला, बेर शेव्हाला आपली मराठी बोलणारी माणसं आणि मोरोक्कोहून आलेले ज्यू एकाच वस्तीत वसले. तिच्या वरच्या मजल्यावर मोरोक्कन कुटुंब. ऑलिव्ह घातलेलं चिकन हा त्यांचा शुक्रवार रात्रीचा पदार्थ. शब्बाथ सुरू झाला की चूल पेटवता येत नाही, म्हणून सूर्यास्ताच्या आत सगळं तयार. आटवलेल्या रश्शातलं चिकन मंद आचेवर राहिलं तरी बिघडत नाही, म्हणून बरं पडतं.

त्यांच्या पद्धतीत लोणी नसतं, कारण मांसाबरोबर दूध-लोणी चालत नाही. खारवून मुरवलेलं लोणी, स्मेन, काही मोरोक्कन घरांत यात घालतात ते इथे बाद. आमच्याकडेही तोच नियम, म्हणून आमच्या चिकनला दही नाही, नारळाचं दूध असतं. मावशीने त्या शेजारणीला नारळाच्या दुधातली कोंबडी खिलवली आणि तिच्याकडून ही शिकून घेतली. मावशी मात्र चोरून एक हिरवी मिरची टाकते.

खाडीपलीकडे

नवगावकर, मावशींना नमस्कार सांगा! मिरचीचं मी काकूंना सांगणार नाही.

रेवदंडा_लोकल

प्रेशर कुकर चालेल का? तीन शिट्ट्या?

खाडीपलीकडे

तीन शिट्ट्यांत बॉयलरचा भुगा होईल. एक पुरे, तीही मंद आचेवर. मोरोक्कोच्या घरांत कुकर सर्रास वापरतात, तेव्हा कमीपणा वाटून घेऊ नका. शंकूसारख्या झाकणाचा, मातीचा ताजीन रोज प्रत्येक घरात चुलीवर चढतो असं नाही. कुकरमध्ये पाणी पाऊण कपच घाला, कारण आटवायचं काम राहणारच आहे.

गावठी कोंबडी मिळाली तर कुकरच बरा. तिकडेही गावरान कोंबडीला बेल्दी म्हणून वेगळा मान आणि वेगळा भाव असतो, आणि तिला नुसत्या पातेल्यात दीड-दोन तास सहज लागतात.

मृद्गंध

ताजीनचा विषय निघालाच आहे तर. भेट म्हणून एक मिळालाय, निळ्या नक्षीचा, फार सुंदर. थेट गॅसवर ठेवू का?

खाडीपलीकडे

नक्षीचा असेल तर बहुतेक वाढण्यासाठीचा असतो. त्या रंगांत आणि झिलईत शिसं असू शकतं, त्यात लिंबासारखं आंबट शिजवू नका. शिजवायचा ताजीन साधा, तांबूस, जाड. तो रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, तेलाचा हात देऊन मंद आचेवर हळूहळू तापवतात. गॅसवर खाली लोखंडी जाळी किंवा जाड तवा हवाच, नाहीतर तडा जातो. मूळ पद्धत कोळशाच्या शेगडीची, तिची आच सगळीकडून सारखी लागते. गरम भांड्यात गार पाणी कधीही ओतायचं नाही. इतकं सांभाळायचं नसेल तर बिर्याणीचं जाड पातेलं घ्या, रस्सा तेवढाच छान होतो. नक्षीच्यात वाढा, फोटो छान येईल.

डेक्कनचा_डबा

पुण्यात मला फक्त डबाबंद, बिया काढलेले ऑलिव्ह मिळाले. काळे घेऊ की हिरवे?

खाडीपलीकडे

हिरवे. डब्यातले एकसारखे काळेकुट्ट ऑलिव्ह झाडावर पिकून काळे झालेले नसतात. ते कच्चे तोडून, क्षाराच्या पाण्यात ठेवून, हवा खेळवून काळे करतात आणि रंग टिकावा म्हणून लोहाचा क्षार घालतात. चव जवळपास नसतेच. मोरोक्कोत या पदार्थाला जांभळट-तांबूस अर्धपिके किंवा हिरवे ठेचलेले घालतात. बियांसकट मिळाले तर ते घ्या, रश्शात मऊ पडत नाहीत. बाटलीतले फार खारट असले तर एकदा उकळत्या पाण्यात घालून ते पाणी फेका.

पाटावरवंटा

केशराबद्दल एक विचारायचं होतं. एवढं महाग आहे, हळद आहेच की.

खाडीपलीकडे

रंगासाठी म्हणत असाल तर बरोबर. तिकडे बऱ्याच घरांत पिवळ्या खाद्यरंगाची पुडी सर्रास वापरतात. ती घालू नका, रश्श्याला नुसता रंग येतो. दक्षिणेत तालिउइन भागात केशर पिकतं आणि त्याचा मोरोक्कन बायकांना केवढा अभिमान! आपण काश्मीरचं वापरू. काड्या कोमट पाण्यात अर्धा तास तरी ठेवा. नसेलच तर बिनकेशराचं करा, सुंठ किंचित वाढवा, पण हळद वाढवू नका. हळद जास्त झाली की ही आपली पिवळी रस्सा कोंबडी होते.

शाकाहारी_पण_उत्सुक

पनीर चालेल का?

घारापुरी

आलाच. मी वाटच बघत होतो.

खाडीपलीकडे

पनीर नको, रस्सा शोषत नाही आणि चाळीस मिनिटं तग धरणार नाही. पण बटाटा आणि ऑलिव्ह यांचा ताजीन (भांड्याचंच नाव पदार्थालाही) तिकडे खरोखरच करतात. हेच मसाले, हेच लिंबू, बटाट्याचे लांब काप. हाडांचा चिकटपणा नसल्याने कांदा थोडा जास्त किसा. फक्त बटाटा आंबटात लवकर मऊ होत नाही, म्हणून लिंबाचा गर सुरुवातीला न घालता शेवटी घाला.

निशिगंध_ठाणे

बरोबर काय खायचं? कुसकुस?

खाडीपलीकडे

हॉटेलं देतात तसं. घरी मात्र कुसकुस (रव्याच्या वाफवलेल्या कण्या) हा वेगळा पदार्थ आहे, बहुतेक घरांत शुक्रवारी दुपारी, स्वतःच्या भाज्या-मांसाच्या रश्श्यासकट. २०२० मध्ये युनेस्कोने त्याची नोंद केली ती अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चौघांच्या नावावर मिळून, एरवी कुसकुस कोणाचा यावर भांडणं फार.

या कोंबडीबरोबर पाव. मधोमध एक मोठं ताट, सगळे भोवती, आपल्या समोरच्या भागातून पावाच्या तुकड्याने रस्सा उचलायचा. मांस ताटाच्या मध्यभागी असतं आणि ते यजमानीण वाटून देते, आपण मध्येच हात घालायचा नाही. सोबत उकडलेल्या गाजराच्या चकत्या, त्यांना लसूण, जिरेपूड, लिंबू आणि कोथिंबीर. हे गाजर आधी करून गार ठेवलं की जेवण पूर्ण होतं. भात शिजवू नका. रस्सा थोडा आणि घट्ट असतो, भातात हरवतो.

मडगावची_पोई

पोईबरोबर केलं. ती कोंड्याची, आत पोकळ, रस्सा असा बसतो की बोलायचं काम नाही. पिवळी लिंबं मिळाली नाहीत म्हणून नवऱ्याच्या घरच्या मिठातल्या लिंबावर केलं, निम्मंच घातलं. पोरांनी ऑलिव्ह बाजूला काढले, ते आम्हाला मिळाले. एकच, किंचित कडवट झालं.

खाडीपलीकडे

कागदी लिंबाच्या सालीचा कडवटपणा आहे तो. पुढच्या वेळी साल घालायच्या आधी दहा मिनिटं पाण्यात ठेवा, आतला पांढरा पापुद्रा सुरीने खरवडा आणि अगदी शेवटच्या दोन मिनिटांत घाला. जास्त उकळली की कडवटपणा रश्शात उतरतो.

तात्पुरता

मी लिंबं घातली बरणीत. महिना होईल तेव्हा होईल. पण लिंबं संपल्यावर तो खारट रस उरेल त्याचं काय करू? ओतून द्यायचा?

खाडीपलीकडे

अजिबात नाही! त्याच रसात पुढची लिंबं घाल, वर थोडं मीठ, ती लवकर मुरतात. मध्ये मध्ये चमचाभर रस गाजराला, काकडीला किंवा चिकन चोळताना वापर, त्या वेळी मीठ घालू नकोस. बरणीत ओला चमचा मात्र घालायचा नाही, हे तुला आईने सांगितलं असेलच.